तुमची कौंटी कोणती?

कॅन्सस सिटी हे शहर कॅन्सस राज्यात असणार, असे नावावरून कोणालाही वाटते. आमच्या घरच्यांनाही पहिली दोन वर्षे तसेच वाटत होते. प्रत्यक्षात मूळ शहर मिसूरी राज्यात आहे आणि ते जॅक्सन, क्ले, प्लॅट व कॅस अशा चार कौंट्यांमध्ये, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यांसारख्या विभागांमध्ये, पसरलेले आहे. हा भूगोल माझ्या डोक्यात पक्का बसला तो 2023 च्या शरद ऋतूत, एका सार्वजनिक ग्रंथालयाबाहेर मांडलेल्या घडीच्या टेबलामागे उभे राहून. किमान वेतन ताशी 15 डॉलर करावे आणि नोकरदारांना भरपगारी आजारी रजा मिळावी, या मागणीसाठी तेथे मतदारांच्या सह्या गोळा केल्या जात होत्या. मिसूरीच्या नियमानुसार सह्यांच्या एका पानावर एकाच कौंटीतील मतदार असावे लागतात, आणि पान भरल्यावर सह्या घेणाऱ्याने नोटरीसमोर स्वतःची सही करावी लागते. मी नागरिक नसल्यामुळे मला सही करता येत नव्हती. म्हणून येणाऱ्या प्रत्येकाला ‘तुमची कौंटी कोणती?’ असे विचारून योग्य पान पुढे करणे एवढेच काम माझ्याकडे होते. निम्म्या लोकांना उत्तर ठाऊक नसे. ते फोन काढून स्वतःचाच पत्ता शोधत बसत.

मी तेथे का गेलो, हे सांगायला सहा महिने मागे जावे लागेल. मार्चमध्ये माझी नोकरी गेली. एच-1बी या नोकरीशी बांधलेल्या व्हिसावर असलेल्या माणसाला नोकरी सुटल्यानंतर दुसरी शोधायला किंवा देश सोडायला जास्तीत जास्त 60 दिवस मिळतात, हे बहुतेकांना माहीत असते. आरोग्यविमाही नोकरीबरोबरच जातो, हेही ऐकून माहीत असते. पण त्याचा अर्थ कळतो तो पत्र हातात पडल्यावर. कोब्रा नावाच्या कायद्याखाली जुना विमा साधारणपणे 18 महिने चालू ठेवता येतो, मात्र तेव्हा मालकाचा वाटाही आपणच भरायचा असतो. पूर्ण हप्त्याच्या 102 टक्क्यांपर्यंत रक्कम आकारली जाते आणि वरचे दोन टक्के हे व्यवस्थापनाचे शुल्क असते. आमच्या तिघांच्या विम्यासाठी पगारातून महिन्याला 430 डॉलर कापले जात, त्याऐवजी आता 2,100 डॉलरचे बिल आले. ज्या महिन्यात पगार नाही, नेमक्या त्याच महिन्यात हप्ता पाचपट होतो, या व्यवस्थेमागचे डोके कोणाचे असावे, असा प्रश्न मी त्या काळात अनेकदा स्वतःलाच विचारला. या राज्यात बेरोजगारभत्ता आठवड्याला जास्तीत जास्त 320 डॉलर आणि तोही कमाल 20 आठवडे मिळतो. व्हिसाधारकाने तर त्याच्यावर विसंबूच नये. मला सातव्या आठवड्यात नोकरी मिळाली आणि आम्ही सुटलो. मात्र ते बिल मी अजून ठेवून दिले आहे.

या व्यवस्थेतील एक मोठी गाठ आमच्या घरापासून जवळच, इंडिपेंडन्स या गावी सुटली होती, हे मला नंतर कळले. हॅरी ट्रुमन तेथलेच. राष्ट्राध्यक्ष असताना, नोव्हेंबर 1945 मध्ये, त्यांनी राष्ट्रीय आरोग्यविम्याची योजना काँग्रेसपुढे, म्हणजे अमेरिकेच्या संसदेपुढे, मांडली. डॉक्टरांच्या संघटनेने तिला समाजवादी वैद्यक ठरवून कडाडून विरोध केला आणि योजना बारगळली. पुढे 30 जुलै 1965 रोजी तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन मुद्दाम इंडिपेंडन्सला आले आणि ट्रुमन यांच्या ग्रंथालयात, त्यांना शेजारी बसवून, त्यांनी वृद्धांसाठीच्या मेडिकेअरच्या आणि गरिबांसाठीच्या मेडिकेडच्या कायद्यावर सही केली. मेडिकेअरचे पहिले कार्ड 81 वर्षांच्या ट्रुमन यांना मिळाले. मागणी आणि कायदा यांच्यात वीस वर्षे गेली, आणि तरीही पासष्टच्या आतल्या नोकरदार माणसाचा विमा मालकाच्या हातीच राहिला.

येथे ज्यांना प्रोग्रेसिव्ह, म्हणजे पुरोगामी, म्हणतात, त्यांचे दैनंदिन काम भाषणांचे असेल अशी माझी समजूत होती. ते प्रत्यक्षात कायद्याच्या मसुद्याचे आणि कागद जुळवण्याचे निघाले. मिसूरीत मतदारांना सह्यांच्या बळावर थेट प्रस्ताव मतदानाला आणता येतो, आणि त्याचे दोन प्रकार आहेत. साधा कायदा हवा असेल, तर राज्याच्या आठपैकी सहा काँग्रेस मतदारसंघांत 5 टक्के सह्या पुरतात. राज्यघटनेत दुरुस्ती हवी असेल, तर 8 टक्के लागतात. हा तीन टक्क्यांचा फरक म्हणजे हजारो सह्या, अनेक शनिवार आणि भरपूर पैसा. म्हणून पुष्कळदा स्वस्त वाट धरली जाते. मला तेव्हा तो किरकोळ तपशील वाटला होता.

ऑगस्ट 2020 मध्ये, कोविडच्या भर काळात, मिसूरीच्या मतदारांनी सुमारे 53 टक्क्यांनी मेडिकेडचा विस्तार मंजूर केला. त्यापूर्वी येथे मूल नसलेल्या धडधाकट प्रौढाला, तो कितीही गरीब असला तरी, मेडिकेड मिळत नसे. तो प्रस्ताव घटनादुरुस्तीचा होता. पुढच्या वर्षी विधिमंडळाने त्यासाठी पैसाच मंजूर केला नाही आणि राज्यपालांनी अंमलबजावणी मागे घेतली. तेव्हा प्रकरण न्यायालयात गेले आणि जुलै 2021 मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने मतदारांच्या बाजूने निर्णय दिला. घटनेतील वाक्य खोडणे आमदारांच्या हाती नव्हते.

आमच्या टेबलावरचा प्रस्ताव मात्र साध्या कायद्याचा होता. ‘मिसूरी जॉब्स विथ जस्टिस’सारख्या संघटनांनी तो नोव्हेंबर 2024 च्या मतदानापर्यंत नेला आणि सुमारे 58 टक्के मतदारांनी तो मंजूर केला. त्याच दिवशी या राज्यात डोनाल्ड ट्रम्प यांनाही जवळजवळ तेवढीच मते पडली, म्हणजे दोन्हीकडे होकार देणारे मतदार मोठ्या संख्येने असले पाहिजेत. पक्षाच्या चष्म्यातून अमेरिकेकडे पाहणाऱ्या आपल्याकडच्या वाचकांनी या आकड्यापाशी थोडे थांबावे.

आमच्या खालच्या मजल्यावर राहणारी बाई वृद्धांच्या घरी जाऊन त्यांची देखभाल करते. आंघोळ घालणे, औषधे देणे, खाऊ घालणे हे तिचे काम. पूर्वी ताप आला तरी ती गोळी घेऊन कामावर जात असे, आणि ज्या घरी जायची तेथली माणसे ऐंशी-पंचाऐंशीच्या घरातली असत. 1 मे 2025 पासून रजेचा नियम लागू झाला: कामाच्या दर 30 तासांमागे एक तास रजा. तिने मला जिन्यात थांबवून पगारपत्रकावरची नवी ओळ दाखवली होती. ऑगस्टच्या मध्यापर्यंत त्या ओळीत 17 तास जमले होते आणि त्यांतले आठ तिने घशाच्या संसर्गात वापरले होते. तोवर जुलैत विधिमंडळाने केलेल्या नव्या कायद्यावर राज्यपालांची सही झालेली होती आणि 28 ऑगस्टपासून भरपगारी रजेची तरतूद रद्द झाली. लहान दुकानदारांवर बोजा पडतो, हे विरोधकांचे म्हणणे मी खोटे मानत नाही. पण त्यावर उपाय म्हणून लहानांना आणखी सवलत देता आली असती, सगळ्यांचीच रजा काढून घेण्याची गरज नव्हती. सप्टेंबरच्या पगारपत्रकावर ती ओळ नव्हती. किमान वेतन तेवढे वाचले आणि जानेवारी 2026 मध्ये 15 डॉलर झाले, मात्र पुढे महागाईनुसार ते आपोआप वाढण्याची तरतूद गेली.

घटनेत लिहिलेलेही पूर्ण सुरक्षित नाही, हे आता दिसू लागले आहे. 2020 च्या दुरुस्तीत नव्या लाभार्थ्यांवर जादा अटी लादण्यास राज्याला मनाई केलेली आहे; परंतु 4 जुलै 2025 रोजी ट्रम्प यांनी सही केलेल्या केंद्रीय कायद्याने अशा प्रौढांना महिन्याला 80 तासांचे काम किंवा तत्सम सहभाग सिद्ध करण्याची अट घातली असून ती 2027 च्या आरंभापर्यंत लागू व्हायची आहे. शेजारच्या आर्कान्सॉने 2018 मध्ये हाच प्रयोग केला, तेव्हा न्यायालयाने तो थांबवेपर्यंत 18 हजारांहून अधिक लोकांचा विमा गेला. त्यांत कामावर जाणारेही होते. तासांची नोंद करायचे संकेतस्थळ रात्री नऊपासून सकाळी सातपर्यंत बंद असे, आणि दिवसभर राबणारा माणूस नोंदी करायला बसतो तो रात्रीच.

गेल्या आठवड्यात खालची शेजारीण कपडे धुण्याच्या खोलीत भेटली. रजेसाठी पुन्हा सह्या घेणार आहेत का, असे तिने विचारले. मला माहीत नाही, असे मी सांगितले. ओले कपडे ड्रायरमध्ये टाकता टाकता ती म्हणाली, “घेतल्या तर मला सांग. पण आधी विचारून ये, पाच टक्क्यांचा कागद आहे की आठ टक्क्यांचा.”