काचेचं ऑफिस आणि इंदूरची दुपार

इंदूरच्या सुपर कॉरिडॉर रस्त्यावर हल्ली जी ती बिल्डिंग काचेची, बाहेरून एकदम झकास, पण मे महिन्यात चार वाजता पश्चिमेकडच्या काचेपाशी बसून बघा, एसी फुल आणि तरी डोकं तापलेलं, मग लोक पडदे ओढतात आणि दिवसाढवळ्या ट्यूबलाइट लावून काम करतात. अरे, उजेडासाठीच लावली होती ना काच? मोठ्या खिडक्या उत्तरेला काढा, पश्चिमेला जाळी नाहीतर छज्जा द्या, इतकं सोपं आहे.

दुसरं ते ओपन ऑफिस. भिंती काढल्या की लोक एकमेकांशी बोलतील म्हणे! २०१८ मध्ये हार्वर्डच्या संशोधकांनी लोकांना सेन्सर लावून मोजलं तर समोरासमोरचं बोलणं सुमारे ७० टक्क्यांनी घटलं आणि ईमेल वाढले. होणारच, सगळ्यांच्या देखत कोण बोलणार, हेडफोन घालून बसतात झालं. (क्यूबिकलचं, म्हणजे पॅनलने पाडलेल्या छोट्या कप्प्यांचं, तर त्याहून वाईट, डिझायनर रॉबर्ट प्रॉप्स्टने १९६८ मध्ये हर्मन मिलर या अमेरिकन फर्निचर कंपनीसाठी हलवता येणारे पॅनल काढले ते माणसाला मोकळं वाटावं म्हणून, कंपन्यांनी त्याची खुराडी केली.)

भाच्याच्या ऑफिसात रंगीत बीन बॅग आहेत, कोणी बसत नाही कारण समोरच साहेबांची केबिन, सगळे खाली पोह्याच्या ठेल्यावर. त्यापेक्षा फोनवर बोलायला दोन बंद खोल्या, कंबर न दुखवणारी खुर्ची आणि डबा खायला खिडकीपाशी एक लांब टेबल द्या. बीन बॅग राहू द्या.