दुखत नाही म्हणजे बरं झालं?

"मॅडम, तुम्ही टेप सैल धरलाय."

मी फिजिओथेरपिस्ट, त्याच्या मांडीचा घेर मोजत होते. कबड्डीचा रेडर, गुडघ्याच्या एसीएलचं, म्हणजे आतून हाडं बांधून ठेवणाऱ्या अस्थिबंधाचं, ऑपरेशन होऊन पाच महिने झालेले. ऑपरेशन झालेल्या पायाची मांडी दुसरीपेक्षा दोन सेंटिमीटर बारीक. पठ्ठ्याने माझ्या हातातून टेप घेऊन स्वतः मोजलं. तेवढंच भरलं. मग म्हणाला, "पण दुखत न्हाई की आता! जरा चोळून मोकळा करा पाय, रविवारी सामना हाय."

दुखणं लवकर थांबतं, तिथेच घोटाळा होतो. आत बसवलेला नवा अस्थिबंध दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात उलट कमजोर असतो, पक्का व्हायला कितीतरी महिने जातात. म्हणून मैदानावर परत पाठवायला किमान 9 महिने थांबायचं, तेही एका पायावरची उडी दोन्हीकडे जवळपास सारखी पडली तरच. हाताने मी गुडघ्याची वाटी हलती करीन, आखडलेलं सोडवीन. ताकद मात्र स्क्वॉट मारूनच येणार, आणि नेमका तोच व्यायाम पोरं बुडवतात. चोळून घ्यायला सगळे हजर!

रविवारी खेळायचं नाही, असं स्पष्ट सांगितलं. तो गप्प. फोनवर त्याचे वस्ताद मात्र बोलले, "मॅडम, पोरगं घरात बसलं तर मंडळ दुसरा रेडर बघतंय."

मंडळं शिल्ड आणि मांडवावर एवढा खर्च करतात. त्यात जखमी पोराचं उपचाराला यायचं एसटीचं भाडं आणि खुराक बसवता येणार नाही का?