सीआरपी वाढलाय, अँटिबायोटिक सुरू करू?

रात्रपाळीच्या रेसिडेंटचा फोन आला की पहिलं वाक्य ठरलेलं. "मॅडम, फ्लूचा पेशंट, सीआरपी १४०. सुरू करू ना?" मी विचारते, पेशंट कसा आहे? पलीकडे शांतता. म्हणजे रिपोर्ट बघितलाय, पेशंट बघायचाय.

सीआरपी (सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन, शरीरात दाह झाला की रक्तात वाढणारं प्रथिन) १९३० साली न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात सापडला. इंटरल्युकिन-६ हे दाहाचा निरोप देणारं रसायन वाढलं की यकृत तो बनवू लागतं. ते जिवाणूंमुळे वाढलं की विषाणूंमुळे, याच्याशी यकृताला देणंघेणं नाही. कोविडमध्ये नुसत्या विषाणूनंच सीआरपी शंभरी ओलांडायचा. उलट टोसिलिझुमॅब हे औषध दिलेल्या पेशंटमध्ये इंटरल्युकिन-६ चा मार्गच अडवलेला असतो, त्यामुळे आत जंतू माजले तरी सीआरपी गप्प.

त्यातल्या त्यात माझा भरवसा रक्तातल्या दुसऱ्या एका प्रथिनावर, प्रोकॅल्सिटोनिनवर. एरवी ते थायरॉइडमध्ये बनतं आणि रक्तात जेमतेम सापडतं. जिवाणू संसर्गात मात्र शरीरभरच्या पेशी ते सोडू लागतात, आणि विषाणूच्या आजारात वाढणारा इंटरफेरॉन-गॅमा हा प्रतिकारशक्तीचा निरोप्या त्याला आवर घालतो. संसर्ग आटोक्यात आला की साधारण दिवसागणिक निम्मं होतं, म्हणून अँटिबायोटिक थांबवताना ते जास्त कामाला येतं. पण किडनी बिघडलेली असेल, मोठं ऑपरेशन झालं असेल, भाजलं असेल, तर ते उगाचच चढतं. मायकोप्लाझ्मा या जिवाणूच्या संसर्गात बरेचदा हलतही नाही.

मला आकड्यापेक्षा त्याची चाल बघायची असते. फ्लूची एक पेशंट सुधारत होती, ताप गेला होता. पाचव्या दिवशी पुन्हा हुडहुडी, ऑक्सिजन २ लिटरवरून ६ वर, बेडका पिवळा. प्रोकॅल्सिटोनिन ०.१ चं ३.८ झालेलं. रक्तात जंतू वाढतात का हे बघायला ब्लड कल्चर पाठवलं आणि रिपोर्टची वाट न बघता अँटिबायोटिक सुरू केलं.

फोनवरच्या त्या १४० वाल्याचं प्रोकॅल्सिटोनिन ०.०८ होतं, दुसऱ्या दिवशीही तेवढंच, आणि तो उठून बसला होता. त्याला काहीच दिलं नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२४ मध्ये सांगितलं की कोविडनं दाखल झालेल्यांपैकी जेमतेम ८ टक्क्यांना जिवाणू संसर्ग होता; अँटिबायोटिक मिळालं सुमारे ७५ टक्क्यांना. 'असू दे, कव्हर म्हणून' हे वाक्य मी वॉर्डात रोज ऐकते.

रेसिडेंट मंडळींना आता एवढंच सांगून ठेवलंय, की प्रोकॅल्सिटोनिन कळवताना आधीचा आकडा आणि किडनीची स्थिती सांगणारं क्रिएटिनिन सोबत सांगा, आणि फोन पेशंटच्या खाटेशेजारून करा.