सायबरवाल्याकडे फौजीकाका

दापोलीत सायबरवाल्याकडे बसलेलो. समोर फौजीकाका पेन्शनच्या हयातीच्या दाखल्यासाठी बोट ठेवतायत नि मशीन घेतच नाय. "सियाचीनात ठेवून आलो रे कातडी," म्हणून स्वतःच हसले.

काकी मात्र हसल्या नाहीत. पिशवीतून फाईल काढली आणि पीपीओ नंबर, म्हणजे पेन्शनचा नंबर, न बघता घडाघडा सांगितला, वर "ह्यांना गर्दीत घाम फुटतो, सगळं मीच बघते."

शेवटी चेहरा स्कॅन करून झालं दोन मिनिटांत. ही सोय मोबाईलवर 2021 पासून आहे, आधार आणि जीवन प्रमाणचं अ‍ॅप लागतं एवढंच, पण काकींना कोणी सांगितलंच नव्हतं, दरवर्षी एसटीने येतात!

पंधरा ऑगस्टला शाल देतो आपण. वर्षातून एकदा फोन घेऊन त्यांच्या घरी कोण जाणार?