हंडीच्या बुडातला काळा थर

पावसाळ्यात मी संग्रहालयातल्या ताम्रपाषाणयुगीन भांड्यांच्या पेट्या पुन्हा पुन्हा उघडून पाहते, कारण हवेतला दमटपणा कमी-जास्त झाला की मातीत मुरलेले क्षार विरघळतात, पुन्हा त्यांचे स्फटिक होतात आणि भांड्याचा पृष्ठभाग आतून ढकलून त्याची पूड करतात. गेल्या वर्षी जोर्वे काळातली, म्हणजे महाराष्ट्रातल्या ताम्रपाषाणयुगीन शेतकरी वस्त्यांच्या काळातली, हाताने घडवलेली एक जाड हंडी अशीच पांढरी पडलेली सापडली. जोर्वे म्हटले की तांबड्या लेपावर काळी नक्षी असलेली तोटीची भांडी आठवतात आणि दालनातली काचेची कपाटेही त्यांनाच मिळतात. ज्यांत रोजचे अन्न शिजले ती भांडी पेटीत पडून राहतात, हे मला कधीच पटलेले नाही.

हंडीच्या खांद्याभोवती मातीची पट्टी चिकटवून तिच्यावर बोटाने ओळीने ठसे दाबलेले होते आणि नेमके तेच सुटू लागले होते. अशा वेळी भांडे शुद्ध पाण्यात ठेवून, पाण्यात नवे क्षार उतरायचे थांबेपर्यंत ते बदलत राहायचे असते. त्याआधी बुडाचे भगदाड बुजवणारे जुने प्लास्टर काढायला हवे होते, कारण तेही क्षारांना हातभार लावते. कोणीतरी ते निष्काळजीपणे आतल्या खापरांवरही पसरवले होते. मी रागातच ते स्काल्पेलने सोडवत होते, तेव्हा त्याखाली रुपयाएवढा काळा, करपलेला थर दिसला. बाकीची हंडी पूर्वीच ब्रशने घासून स्वच्छ केलेली होती. तेवढाच भाग वाचला होता.

पुणे जिल्ह्यातल्या इनामगाव या जोर्वेकालीन वस्तीत १९६८ ते १९८३ या काळात झालेल्या उत्खननात बार्लीचे जळके दाणे मिळाले, त्यामुळे त्या काळातली माणसे काय पिकवत होती हे आपल्याला कळते. पण एका हंडीत काय शिजले, हे असा थरच सांगू शकतो. प्लास्टिकमधली द्रव्ये नमुन्यात उतरतात, म्हणून मी त्यातला चिमूटभर भाग ॲल्युमिनियमच्या फॉइलमध्ये घेतला. आता हंडी खुशाल भिजवा, असे सहकारी म्हणाले. उरलेला थर पाण्यात सुटेल या भीतीने मी नकार दिला आणि बाहेरूनच कागदाचा ओला लगदा लावून क्षार ओढून घेतले.

लगदा उतरवताना पट्टीचा एक तुकडा त्याच्याबरोबर निघून आला आणि त्यावरचे दोन ठसे माझ्या हातात विरघळले. थर जागेवर आहे. नमुना अजून तपासणीच्या रांगेत आहे.