वळवाआधीचा आठवडा : दक्षिण महाराष्ट्राचा अंदाज आणि दुपारच्या दवबिंदूची नोंद

सांगली, कोल्हापूर, सोलापूर आणि साताऱ्याचा दक्षिण भाग एवढ्या टापूसाठी येत्या सोमवारपासून रविवारपर्यंतचा माझा अंदाज आधी मांडतो, कारणे नंतर देतो. सोमवार ते बुधवार आकाश निरभ्र राहील. सोलापूर-पंढरपूरकडे पारा ४० अंशांच्या आसपास आणि तासगाव-मिरजेकडे ३७ ते ३८ अंशांपर्यंत जाईल. गुरुवारी दुपारनंतर जत, सांगोला, मंगळवेढा या पूर्व पट्ट्यात ढग उंच वाढू लागतील. शुक्रवारी आणि शनिवारी तोच पट्टा, शिवाय कवठेमहांकाळ आणि तासगावच्या पूर्वेकडची गावे येथे विजांसह वळवाच्या सरी येण्याची शक्यता मी दहात चार धरतो. कोल्हापूर, पन्हाळा, राधानगरी या बाजूला ती दहात दोनच्या वर जाईल असे वाटत नाही.

या अंदाजाचा मुख्य आधार म्हणजे वाऱ्यांची द्रोणीय रेषा, म्हणजे दोन बाजूंचे वेगवेगळे वारे जिथे भेटतात ती कमी दाबाची लांबट पट्टी. मार्च-एप्रिलमध्ये अरबी समुद्रावर आणि बंगालच्या उपसागरावर प्रतिचक्राकार (घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरणारे) वारे असतात. या दोहोंच्या मधोमध, विदर्भ किंवा मराठवाड्यापासून कर्नाटकाच्या अंतर्भागातून दक्षिणेकडे उतरणारी ही रेषा समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीच्या वाऱ्यांच्या नकाशावर स्पष्ट दिसते. तिच्या पश्चिमेला कोरडे वायव्य वारे असतात, तर पूर्वेला उपसागरावरून आलेले दमट आग्नेय वारे. आज ती लातूर-कलबुर्गीच्या पूर्वेला आहे, त्यामुळे आपल्याकडे कोरडी हवा आहे. दोन्ही प्रमुख जागतिक प्रारूपे (हवामानाचे संगणकीय अंदाज) ती गुरुवारपर्यंत पश्चिमेकडे सरकवत आहेत. फरक एवढाच, की एका प्रारूपात ती सोलापूरपाशी थांबते आणि दुसऱ्यात थेट मिरजेपर्यंत येते. माझे दहात चार हे या मतभेदातूनच आले आहे.

या हंगामात नोंदींत केलेला सर्वांत उपयोगी बदल म्हणजे दुपारी अडीच वाजताचे आणि संध्याकाळी सात वाजताचे कोरड्या व ओल्या फुग्याचे वाचन. पूर्वी कमाल-किमान तापमान आणि सकाळी साडेआठचा पाऊस यांपलीकडे माझी वही जात नव्हती. आता जाळीदार पांढऱ्या पेटीत, जमिनीपासून सुमारे सव्वा मीटरवर, दोन तापमापक शेजारी शेजारी टांगले आहेत. एकाच्या फुग्याभोवती मलमलीची वात असून तिचे टोक ऊर्ध्वपातित पाण्याच्या बाटलीत सोडले आहे. आपल्याकडच्या पाण्यातले क्षार वातीवर बसले की ओल्या फुग्याचे तापमान खोटेच वर दिसू लागते, म्हणून वात दर आठवड्याला बदलणे गरजेचे आहे.

काल अडीच वाजता कोरडा फुगा ३८ अंशांवर आणि ओला १९ अंशांवर होता; म्हणजे दवबिंदू (हवेतल्या वाफेचे दव होऊ लागते ते तापमान; ते जितके वर, तितकी हवेत ओल जास्त) जेमतेम ७ अंश आणि सापेक्ष आर्द्रता १५ टक्के. सात वाजता कोरडा ३१ आणि ओला २२ झाला, म्हणजे दवबिंदू १८ अंश. साडेचार तासांत ११ अंशांची ही उडी पाहून पाऊस जवळ आला असे वाटणे साहजिक आहे, पण तसा अर्थ लावू नये. संध्याकाळी पेठेतल्या धुळीला पश्चिमेकडून जी झुळूक उडवते, ती घाट ओलांडून आलेली सागरी हवा असते, आणि तिचा थर उथळ असतो. उंच ढग पोसायला लागणारी खोल ओल तिच्यात नसते. चैत्रात अशी उडी पुष्कळ संध्याकाळी दिसते आणि रात्र कोरडीच जाते.

खरी खूण दुपारी मिळते. दुपारच्या तापाने हवा दोन-तीन किलोमीटर उंचीपर्यंत घुसळली जाते आणि वरची कोरडी हवा खाली मिसळून दवबिंदू पाडते. एवढी घुसळण होऊनही अडीच वाजता दवबिंदू १४-१५ अंशांवर टिकला आणि वाऱ्याचे निशाण पूर्व किंवा आग्नेय दाखवत असेल, तर ओल खोलवर पोहोचली आहे असे समजावे. म्हणून बुधवार आणि गुरुवारची अडीचची नोंद या आठवड्यात मला कमाल तापमानापेक्षा जास्त मोलाची वाटते.

वायुदाबाविषयी नव्या निरीक्षकांसाठी थोडे लिहितो. आपल्या अक्षांशांत दाब रोज सकाळी दहाच्या सुमारास सर्वाधिक असतो आणि दुपारी चारच्या सुमारास तीन-चार हेक्टोपास्कलने उतरतो. हा नित्याचा चढउतार आहे. त्यातून वादळाचे भाकीत करू नये. कालच्या त्याच वेळेच्या दाबाशी आजचा ताडून पाहावा, तेव्हाच काही कळते.

गारांचा प्रश्न बागायतदार हमखास विचारतात. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट महाराष्ट्रात कोणी विसरलेले नाही. तेव्हा मराठवाडा आणि मध्य महाराष्ट्रात उभी पिके आणि द्राक्षबागा झोडपल्या गेल्या होत्या. खालून दमट हवा आणि वरून थंड, कोरडे पश्चिमी वारे असा योग जुळला की गारांना पोषक स्थिती तयार होते. या आठवड्यात पश्चिमी झंझावात (पश्चिमेकडून येणारी वरच्या थरातली थंड हवेची प्रणाली) बराच उत्तरेकडून, हिमालयाच्या बाजूने जात असल्याने वरच्या थरात तेवढी थंडी दिसत नाही. एखाद्या उंच ढगातून थोड्या गारा पडू शकतील, पण विस्तृत गारपिटीची चिन्हे नाहीत.

तरीही आमच्या भागात साध्या सरीचीही धास्ती असते, कारण बेदाण्याची शेडे सध्या भरलेली आहेत. पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवून जाळीवर पसरलेली द्राक्षे सुकायला साधारण १२ ते १५ दिवस लागतात. पाणी आत शिरले नाही, तरी दोन दिवस हवा दमट राहिली की मण्यांचा हिरवट-पिवळा रंग काळवंडतो आणि सौद्यात दर पडतो. ज्यांचा माल बुधवारपर्यंत उतरण्याजोगा आहे, त्यांनी तो उतरवून घ्यावा. ज्यांचे रॅक नुकतेच भरले आहेत, त्यांनी गुरुवारी दुपारपासून पूर्वेकडच्या बाजूचे ताडपत्रीचे पडदे हाताशी ठेवावेत, कारण वादळी वारा त्याच बाजूने येण्याची शक्यता अधिक आहे.

भारतीय हवामान विभाग दर गुरुवारी पुढील दोन आठवड्यांचा विस्तारित अंदाज देतो, आणि इशाऱ्यांच्या बाबतीत त्याचाच शब्द अंतिम मानावा. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे ‘दामिनी’ ॲप शेतात काम करणाऱ्या प्रत्येकाच्या फोनवर असले पाहिजे. आपल्यापासून २० आणि ४० किलोमीटरच्या परिघात पडणाऱ्या विजा ते दाखवते.

जत, सांगोला, गडहिंग्लज आणि कराडकडच्या निरीक्षकांना एक विनंती आहे. गुरुवारपासून शनिवारपर्यंत अडीच वाजताचा दवबिंदू आणि वाऱ्याची दिशा यांच्या जोडीला डोक्यावरचा पहिला उभा ढग किती वाजता दिसला तेही टिपावे. पाऊस झाला नाही तरी ही नोंद पाठवावी, कारण द्रोणीय रेषा नेमकी कोणत्या दोन गावांच्या मधून गेली हे कोरड्या गावांच्या आकड्यांवरूनच ठरवता येईल.