गेमला टायमर लावायला निघाले आणि अडकले पासवर्डला

आधीच सांगून टाकते, पोराच्या फोनवरच्या गेमला वेळेची मर्यादा लावायला मला एकवीस दिवस लागले आणि त्यातलं खरं काम होतं वीस मिनिटांचं. बाकीचे दिवस कुठे गेले ते अजून डोक्यातून जात नाही म्हणून लिहायला बसलेय.

आमच्याकडे सोलापुरात नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं, आणि ते पण कधी रात्री दोनला. बाहेरच्यांना सांगितलं तर खोटं वाटतं. तर अशाच एका रात्री मोटर लावायला उठले आणि पोराच्या खोलीतून आवाज, "रिव्हाइव्ह दे बे, रिव्हाइव्ह दे." जाऊन बघते तर डोक्यावरून चादर, आत फोनवर गेम. आता आपली सोलापुरी चादर म्हणजे काय जाड असते माहितीय ना, आतला उजेड बाहेर दिसतच नाही, म्हणजे हे किती महिने चाललं होतं देव जाणे, मी आपली रोज दारातून डोकावून "झोपला बिचारा" म्हणून लाईट बंद करून जायची. "काय करलालास बे या वेळेला?" म्हटलं तर म्हणतो, पाण्याचा आवाज आला म्हणून जाग आली.

नववीत आहे. चाचणीत गणिताला २० पैकी ६.

यांचं म्हणणं, फोन काढून घे, विषय संपला. हे बोलून हे तिसऱ्या पाळीला निघून गेले, एमआयडीसीत काम आहे. फोन काढून घेतला, तर दुसऱ्या दिवशी शाळेचा गृहपाठ व्हॉट्सअॅप ग्रुपवर, तिसऱ्या दिवशी क्लासच्या सरांची पीडीएफ, चौथ्या दिवशी मीच कंटाळून परत दिला. मग फोनच्या सेटिंगमधल्या डिजिटल वेलबीइंगमध्ये गेमला एक तासाचा टायमर लावला आणि फार हुशारी केली असं वाटलं मला. तो टायमर ज्याच्या हातात फोन तोच काढू शकतो हो. दोन टिचक्यात काढला त्याने. मग रात्री दहाला वायफायचं बटण बंद करायला लागले, तर सासूबाई सकाळी म्हणतात, "माझं कीर्तन का गं अडकतंय?" त्यांचा दिवसाचा दीड जीबी रात्रीच संपलेला. नातवाने आजीचा हॉटस्पॉट लावला होता.

एक आठवलं म्हणून इथेच सांगते, घरातल्या प्रत्येक फोनचा लॉक पोराला माहीत असतो. आधी ते लॉक बदला, मग बाकीचं करा. मी उलटं केलं.

२०२० च्या सप्टेंबरमध्ये पबजीवर बंदी आली तेव्हा मी पेढे वाटायचे तेवढे बाकी ठेवले होते. तेव्हा हा दहा वर्षांचा, लॉकडाऊनमध्ये ऑनलाइन शाळेसाठी फोन हातात आलेला. पुढच्या वर्षी जुलैत तोच प्रकार बीजीएमआय नावाने आला, २०२२ मध्ये स्टोअरवरून गेला, २०२३ च्या मे महिन्यात परत आला. परत आला तेव्हा अठराच्या आतल्यांना दिवसाला तीन तासच खेळता येईल असा नियम होता. मी म्हटलं मग ठीक आहे, तीन तर तीन. पण गेम सुरुवातीला वय विचारतो तेव्हा पोराने काय सांगितलं असेल? अठराच्या वर. त्याच्यापुरता तो नियमच नाही.

फॅमिली लिंक, म्हणजे मुलाच्या फोनवर आईबापांनी लक्ष ठेवायचं गूगलचं अॅप, त्याचं मला ऑफिसातल्या एकीने सांगितलं. मी पतसंस्थेत कॅशियर आहे, तिची मुलगी सातवीत. तिचं अर्ध्या तासात झालं होतं, म्हणून मला वाटलं रविवारी दुपारी जेवणानंतर करून टाकू. आपल्या फोनवर अॅप घ्यायचं, मुलाच्या फोनमध्ये सेटिंग, गूगल, पॅरेंटल कंट्रोल असं जायचं, तिथे आपलं अकाउंट जोडायचं आणि मग मुलाने त्याचा पासवर्ड टाकून हो म्हणायचं. तेरा वर्षांच्या वरच्या मुलाची स्वतःची संमती लागते, हे मला तिथे कळलं.

पासवर्ड टाक म्हटलं. म्हणतो, मला माहीत नाही.

मला वाटलं नाटक. पण खरंच माहीत नव्हता. फोन घेतला २०२३ च्या दिवाळीत, नवी पेठेतल्या एका दुकानातून, आणि जीमेल तिथल्या काउंटरवरच्या पोराने काढून दिलं होतं. "दोन मिनिटं थांबा काकू, सगळं चालू करून देतो." आणि मी थांबले होते, कौतुकाने बघत. अकाउंट उघडून बघितलं तर जन्मतारीख १ जानेवारी १९९०. म्हणजे माझा नववीतला मुलगा गूगलच्या हिशेबाने पस्तीस वर्षांचा, त्याच्यावर देखरेख कोण ठेवणार. आणि पासवर्ड विसरल्यावर कोड ज्या नंबरवर जाणार त्याचे शेवटचे दोन आकडे ४७. माझा नाही, यांचा नाही, सासूबाईंचा नाही.

दिवसभर मी काउंटरवर लोकांकडे केवायसी मागते. आधारवरची जन्मतारीख आणि फॉर्मवरची जुळली नाही तर म्हाताऱ्या माणसाला पण परत पाठवते. आणि घरात हे.

मग दुकान. पहिल्या दिवशी मालक नाही, उद्या या. दुसऱ्या दिवशी मालक आहे पण गर्दी आहे, बसा. पाऊण तास बसले, समोर टेम्पर्ड ग्लास लावायचं काम चाललेलं, मग म्हणाले तो पोरगा काम सोडून पुण्याला गेला, रजिस्टर बघून नंबर देतो, उद्या या. तिसऱ्या दिवशी रजिस्टर मिळेना. ऑफिस सुटल्यावर सहाला निघायचं, नवी पेठेत गाडी लावायला जागा नाही, लांब कुठेतरी लावून चालत यायचं, आणि ऐकायचं काय तर, "काकू, एवढं कशाला डोक्याला ताप, दोनशे रुपये द्या, फॉरमॅट मारून नवीन आयडी काढून देतो." मी म्हटलं त्या आयडीला पण तुमचाच नंबर टाकणार का? तर हसले. मला हसायला आलं नाही.

नवीन आयडी काढायला खरं म्हणजे पोरानेच नाही म्हटलं होतं. त्याचा गेम त्या जुन्या जीमेलने लॉगिन केलेला. जीमेल गेलं तर दोन वर्षांची कमाई जाणार, म्हणजे त्या बंदुकांचे रंग, कपडे आणि काय काय. जेवायचा बंद झाला एक वेळ. मी पण हट्टाला पेटले, म्हटलं हेच अकाउंट सरळ करून दाखवते.

चौथ्या फेरीला त्या पुण्याला गेलेल्या पोराचा नंबर मिळाला, शेवटी ४७. मी तिथेच फुटपाथवर उभं राहून लावला. पलीकडून एक बाई, कन्नडमध्ये. मला कन्नड "ऊट आयता" च्या पुढे येत नाही. घरी येऊन सासूबाईंच्या हातात फोन दिला, त्यांचं माहेर अक्कलकोटकडचं, त्या दहा मिनिटं बोलल्या, कुठल्या गावच्या, पाऊस कसा आहे, सगळं झालं, आणि मग कळलं की हा नंबर त्या बाईला सहा महिन्यांपूर्वी नवीन सिम म्हणून मिळालाय. बंद पडलेले नंबर कंपन्या काही महिन्यांनी दुसऱ्याला देतात, तसंच ते. मी सासूबाईंना खुणेने सांगितलं, म्हणावं एक आकडा येईल तेवढा वाचून दाखवा. त्या बाईने ऐकून घेतलं आणि म्हणाली, आम्हाला बँकेत सांगितलंय, ओटीपी कुणाला द्यायचा नाही. फोन ठेवला.

माझ्या काउंटरच्या काचेवर तोच बोर्ड आहे. ओटीपी कोणालाही सांगू नका. मीच प्रिंट काढून चिकटवलाय.

एक आठवडा मी पुढे काही केलंच नाही. मधे ऑफिसच्या कॉम्प्युटरवरून "पासवर्ड विसरलात" करून बघायची, परत तेच ४७. नणंदेने फॉरवर्ड पाठवला की डब्ल्यूएचओने गेमिंगला आजार म्हटलंय, आणि माझी झोप उडाली. नंतर नीट वाचलं तर आजार म्हणायला सवयीवर ताबा सुटणं, बाकी सगळं सोडून तेच करणं, त्याने नुकसान होत असलं तरी न थांबणं आणि हे साधारण वर्षभर दिसणं, असं सगळं लागतं. २०२२ पासून लागू झालेल्या त्यांच्या यादीत आहे ते. आमचं पोरगं अजून क्रिकेटला पार्क मैदानावर जातं, कडक भाकरी आणि शेंगाचटणी दिसली की गेम सोडून उठतं. तेवढ्यावर मी स्वतःची समजूत घातली.

सुटलं कसं, तर माझ्या हुशारीने नाही. एका रात्री जेवताना सासूबाई यांना ती कन्नड बाईची गोष्ट रंगवून सांगत होत्या आणि पोरगं एकदम म्हणालं, "थांब मम्मी, म्हणजे माझ्या आयडीचा ओटीपी त्या बाईकडे जातो?" मी म्हटलं हो. "म्हणजे तिच्याकडून कुणी घेतला तर माझी आयडी जाईल?" मी म्हटलं जाईल की. तोंड बघण्यासारखं झालं. हात न धुता फोन घेऊन आला आणि माझ्या शेजारी बसला. त्या दिवसापर्यंत फोन माझ्या हातात पाच मिनिटांच्या वर दिला नव्हता, पॅटर्न तर तीनदा बदललेला.

आणि मग काय झालं बघा. त्याच्याच फोनवरून, घरच्याच वायफायवर, "पासवर्ड विसरलो" केलं तर त्याने ४७ ला कोड पाठवायच्या ऐवजी फोनचा पॅटर्न विचारला. पॅटर्न काढला, नवीन पासवर्ड टाका. झालं! जो फोन आणि जी जागा नेहमीची आहे तिथून प्रयत्न करा असं गूगलच्या मदतीच्या पानावर लिहिलेलं असतं, मी ते वाचलं पण होतं आणि तरी ऑफिसच्या कॉम्प्युटरवर बसले होते. चार फेऱ्या, पार्किंग, ते टेम्पर्ड ग्लास, सगळं आठवलं आणि इतका राग आला की पाणी प्यायले उठून.

लगेच रिकव्हरी नंबर माझा टाकला. पण एवढ्याने सुटलो समजू नका, बदलल्यावर सात दिवस जुन्या नंबरवर पण कोड पाठवायचा पर्याय राहू शकतो. म्हणून आठवडाभर पोरगं रोज सकाळी उठून आयडी आहे का बघायचं. जन्मतारीख खरी घातली, पस्तीसचा पंधरा झाला, आणि मग पॅरेंटल कंट्रोल सरळ पुढे गेलं. त्याचं पुन्हा काय लिहायचं, वर सांगितलंच आहे.

वेळ किती द्यायची यावर मात्र एक संध्याकाळ गेली. हे म्हणाले, चीनमध्ये २०२१ पासून मुलांना शुक्रवार, शनिवार, रविवार आणि सुट्टीच्या दिवशी रात्री आठ ते नऊ, बस. पोरगं म्हणालं मग मला चीनलाच पाठवा. शेवटी शाळेच्या दिवशी एक तास, रविवारी अडीच तास, रात्री दहा ते सकाळी सहा फोन बंद. दहा मिनिटं इकडेतिकडे चालतं, कारण मॅच मधेच तुटली की त्याचे गडी चिडतात आणि ते मला खरंच पटलं. अॅपमधून जास्तीची वेळ देता येते, मी देते कधीकधी, पण मागायच्या आधी भांडी घासून झालेली असतात हे माझ्या लक्षात आलंय.

विसरले, तुम्ही करताना गेमला वेगळी मर्यादा लावा आणि फोन, कॅल्क्युलेटर, शाळेचा ग्रुप हे मोकळं ठेवा, नाहीतर पहिल्याच दिवशी "अभ्यास करायचा होता पण बंद झाला" हे ऐकायला मिळतं. आणि फोनमध्ये सेकंड स्पेस, म्हणजे एकाच फोनच्या आत वेगळा दुसरा कप्पा, आहे का ते आधी बघा. आमच्याकडे होती. आत दुसरा गेम होता.

पहिल्या आठवड्यात अॅपने दाखवलं की टायमर असून पण नऊ तास झाले. त्याआधी किती होत होते ते विचारायचं मी टाळलं.

काल वेळ मिळाला म्हणून सासूबाईंचा फोन घेतला, म्हटलं याचा पण लॉक आणि पासवर्ड नीट लावून ठेवू. तो पण त्याच दुकानातला. जन्मतारीख १ जानेवारी १९९०, रिकव्हरी नंबर शेवटी ४७. सासूबाई माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान निघाल्या. त्यांना सांगितलं तर म्हणाल्या, "असू दे की मग, बदलू नकोस."